खड्ड्याची राखण

झेनेपच्या हातच्या तुर्शीला ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या शेपार्टन गावात तोड नव्हती, आणि ही गोष्ट झेनेप स्वतःच सगळ्यांना सांगत असे. लांब लाल मिरच्या, कोबीचे गड्डे, हिरवे टोमॅटो, गाजराच्या फोडी, सगळं मिठाच्या पाण्यात घालून एप्रिलात, तिथला हिवाळा लागायच्या आधी, निळं पिंप भरायचं, वर जड दगड ठेवायचा आणि हिवाळाभर खायचं. हे तिथल्या अल्बेनियन घरांत सगळ्याच बायका करत. पण झेनेपच्या मते त्यातल्या निम्म्या नुसतं पिंप भरत, तुर्शी घालत नसत. कारण पिंपाला श्वास द्यावा लागतो. दर तीन-चार दिवसांनी खालची तोटी उघडून पाणी बादलीत काढायचं आणि उंचावरून परत वर ओतायचं, फेस येईपर्यंत. तिची आई हेच करायची, सासूही हेच करायची. सानिये, म्हणजे तिची धाकटी नणंद, याचा आळस करी, आणि तिची कोबी तोंडात घातली की ते कळेच.

"वहिनी, तुझ्या पिंपाला दम्याचा विकार आहे," सानिये म्हणायची. "माझी पिंपं धडधाकट असतात."

झेनेपचं घर पाटाच्या अलीकडे आणि डॅरिल मुल्केहीची दुभत्या गाईंची शेती पलीकडे. डॅरिल पन्नाशीचा, लाल कानांचा, ऐन थंडीतही अर्ध्या चड्डीत फिरणारा माणूस. लहानपणी तो झेनेपच्या भाच्यांबरोबर एका वर्गात होता, त्यांच्याबरोबर तिच्या स्वयंपाकघरात जेवून जायचा आणि त्यांच्यासारखंच तिला तेता म्हणायचा. तेता म्हणजे त्यांच्यात मावशी. केस पिकले तरी त्याच्या तोंडातली तेता काही सुटली नाही.

डॅरिलकडे गोबरगॅसची टाकी होती. आपल्या अंगणातल्या टाकीसारखी नव्हे, चांगली दुमजली घराएवढी, वर हिरव्या रबराचा फुगा. टाकीत शेण जाई, पण नुसत्या शेणावर ती अर्धपोटी राही. तिचं खरं खाणं म्हणजे डबाबंद फळांच्या कारखान्यातला चोथा. पीचची सालं, पेअरचे गाभे, टोमॅटोच्या बिया. जानेवारी ते मार्च कारखाना धडधडत असे तेव्हा हे ट्रक भरभरून यायचं आणि एप्रिल उजाडला की एकदम बंद. पूर्वी लोक हा चोथा माळावर टाकत, आणि मग माश्या आणि वास यांनी रस्त्यावरच्या प्रत्येक घराची खिडकी बंद होई. डॅरिलने त्याचा मुरघास करायला घेतला. चोथ्यात मक्याची कुट्टी आणि पेंढा मिसळायचा, तीन भिंतींच्या लांबलचक खड्ड्यात थर घालायचे, ट्रॅक्टर वरून फिरवून फिरवून दाबायचे, वर काळं प्लॅस्टिक आणि त्यावर जुने टायर. मग जूनपासून थंडी सरेपर्यंत समोरच्या तोंडाने थोडं थोडं कापून टाकीला खाऊ घालायचं. ज्या दिवशी खड्डा झाकायचा त्या दिवशी सगळा रस्ता टायर फेकायला यायचा, आणि झेनेप पालक आणि चीज भरलेल्या, लोणी लावलेल्या पापुद्र्यांच्या ब्युरेकची मोठी परात घेऊन यायची.

टाकीच्या गॅसवर विजेचं इंजिन चाले. इंजिन तापे, त्याचं गरम पाणी आधी टाकीलाच ऊब द्यायला जाई, मग दूध काढायच्या शेडमध्ये धुण्याला, मग ब्रॉनविनच्या, म्हणजे डॅरिलच्या बायकोच्या, रोपांच्या शेडला. आणि सगळ्यांत शेवटी पाटाखालून एका नळाने झेनेपच्या घरी.

त्या नळाची गोष्ट झेनेपने कितीदा सांगितली असेल. हमित, तिचा नवरा, आजारी पडला त्या हिवाळ्यात घर नुसतं गारठलेलं असायचं. हमितला किती पांघरुणं घातली तरी पाय गार. डॅरिल एकदा त्याला भेटून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोदायचं मशीन घेऊन आला आणि अंगण उकरायला लागला. कुणी विचारलं नव्हतं, त्यानेही कुणाला विचारलं नाही. आठवडा संपायच्या आत पाटाखालून नळ आला आणि हमितच्या पलंगाशेजारी भिंतीला बसवलेल्या लोखंडी पाट्या त्या पाण्याने गरम झाल्या. हमित सप्टेंबरात गेला. पाय उबदार असताना गेला.

तेव्हापासून दर शुक्रवारी डॅरिलच्या घरी ब्युरेक जात असे. डॉक्टरने त्याला लोणी वर्ज्य केलं होतं, म्हणून तो ब्युरेक गुपचूप ट्रॅक्टरवर बसून खाई. झेनेपला मात्र वाटे, ब्युरेकने काय होतंय. एवढ्या उपकाराला काहीतरी मोठं हवं.

ते मोठं काहीतरी एका एप्रिलमध्ये आपणहून दारात आलं. खड्डा झाकून झाला होता, आणि डॅरिलच्या मुलीचं पहिलं बाळंतपण क्वीन्सलंडला होतं. नवरा-बायको महिनाभर जाणार होते. गाईंसाठी एक माणूस ठेवला होता. डॅरिल जाता जाता झेनेपच्या दारात थांबला आणि म्हणाला, "तेता, खिडकीतून खड्ड्याकडे नजर ठेवाल ना? काकाकुवे बसले तर डबा वाजवा. चोच मारून प्लॅस्टिक फाडतात मेले."

एवढंच. पण झेनेपच्या कानात ते असं शिरलं की डॅरिलने आपल्या घरादाराच्या किल्ल्याच तिच्या हाती दिल्या.

पहिल्या दिवशी तिने डबा वाजवला. दुसऱ्या दिवशी वाटलं, जवळ जाऊन बघावं. खड्ड्यापाशी पोचली आणि नाकात वास शिरला. आंबट, गोडूस, ओळखीचा. तिला हसूच आलं. अरे, ही तर तुर्शी. डॅरिल मुल्केहीने आपल्या गायरानात जगातलं सगळ्यांत मोठं पिंप भरून ठेवलंय आणि त्याला ते माहीतही नाही. मग तिने खाली बघितलं तर मागच्या कोपऱ्यातून तपकिरी रस झिरपत नालीने चालला होता. सगळा रस वाया! आणि वर हवाबंद झाकण, टायरच्या ओझ्याखाली बिचारं पिंप गुदमरलेलं.

त्या महिन्यात झेनेपने जे केलं ते जीव ओतून केलं. दर तीन-चार दिवसांनी, स्वतःच्या पिंपाचं पाणी फिरवून झालं की, बादली घेऊन पाट ओलांडायची. मागच्या कोपऱ्यातले टायर बाजूला लोटायची, प्लॅस्टिक गुंडाळून वर करायची, नालीतला रस बादलीने उचलून उंचावरून ओतायची आणि तासभर तसंच उघडं ठेवून शेजारी बसायची. विरजण म्हणून एकदा आपल्या पिंपातलं पाणीही घातलं. मग सगळं जसंच्या तसं झाकून, टायर मांडून, कंबर धरत घरी यायची. सत्तरी उलटलेली बाई टायर ढकलते आहे हे सानियेने एकदा रस्त्यावरून बघितलं आणि विचारलं की हे काय चाललंय. झेनेपने सांगितलं, राखण चाललीय.

डॅरिल नातीचे फोटो घेऊन परत आला. झेनेपने आपल्या कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. उपकार सांगितला की त्याचं मोल गेलं, असं तिला वाटे.

जूनमध्ये खड्ड्याचं पुढचं तोंड उघडलं आणि मुरघास फार छान निघाला. पिवळसर, घट्ट, आंबूस वासाचा. डॅरिल खूश आणि त्याहून झेनेप खूश. याच भरात तिने हमितचं बी बाहेर काढलं. हमित दर वर्षी सगळ्यांत सरळ, सगळ्यांत लांब मिरची निवडून तिचं बी जॅमच्या बरणीत ठेवी. ते त्याच्या वडिलांकडून आलेलं होतं. तो गेल्यावर दोन वर्षं तिला ती बरणी उघडवली नव्हती. आता उशीर केला तर बी मरेल म्हणून जुलैच्या शेवटी तिने उरलंसुरलं सगळं बी पेरलं आणि ट्रे ब्रॉनविनच्या उबदार शेडमध्ये नेऊन ठेवले. रुसून बसलेलं बी सावकाश, एकेक करून वर आलं. रोज सकाळी झेनेप तिथे जाई आणि त्या कोवळ्या कोंबांशी बोले. बरणीत आता एकही बी नव्हतं. जे होतं ते त्या ट्रेमध्ये.

ऑगस्टात, पाटाकाठचं गवत रोज सकाळी पांढरं पडत असताना, कापत कापत डॅरिल मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचला. आणि तिथे मुरघास काळा, गरम आणि भुसभुशीत निघाला, वर निळ्या-पांढऱ्या बुरशीचे पुंजके. त्याने सडलेलं काढून टाकलं तर आत आणखी सडलेलं. थोडं चांगलं समजून टाकीला घातलं तर टाकीचं पोट बिघडलं आणि फुगा सैल पडला. इंजिन दिवसातून थोडा वेळच चालायला लागलं. गरम पाणी टाकीला पुरे, शेडमधल्या धुण्याला जेमतेम पुरे, आणि रोपांपर्यंत येईतो कोमट होई.

झेनेप रोपांपाशी उभी होती तेव्हा डॅरिल दारात ब्रॉनविनशी तावातावाने बोलत होता. काकाकुव्यांचंच काम, दुसरं काय. प्लॅस्टिकला भोकंही सापडली होती. थवाच्या थवा तिथे बसतो, आता परवानगी काढून बंदुकीनेच उडवतो एकेकाला. ब्रॉनविन म्हणाली, एवढ्याशा भोकांनी एवढं सडेल का? आणि डॅरिल म्हणाला, "अगं, या कामात एकच नियम. हवा लागता कामा नये. हवा शिरली की संपलं."

झेनेपच्या हातातली पाण्याची झारी तशीच राहिली. रोपांना पाणी न घालताच ती घरी आली.

सानियेने सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोट धरून हसून घेतलं. मग गंभीर झाली. "कशाला बोलतेस? काकाकुव्यांना कुठे वकील आहे?"

"पण मी केलंय, सानिये."

"तू चांगल्या मनाने केलंस. ते मेले वाईट मनाने चोचा मारतात."

झेनेपला यावर हसू आलं नाही. ती खिडकीशी बसली. पलीकडे निलगिरीच्या झाडावर पांढरा थवा कलकलाट करत होता, आपल्यावर काय बालंट आलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांची तिला दया आली खरी. पण खरं सांगायचं तर भीती दुसरीच होती. ज्या माणसाने हमितचे पाय उबदार केले त्याच्याच टाकीचा घास आपण नासवला, हे कळल्यावर तो आपल्याकडे कसा बघेल? रागावला तर चालेल. शहाण्यासारखं, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं गोड बोलला तर?

आधी तिने हाताशी होतं ते केलं. परसात नळाला एक चावी होती, ती पिळून बंद केली. तिच्या घराकडे येणारी ऊब आता रोपांच्या शेडमध्येच राहील. हमितचा जाड कोट अंगात घातला आणि ब्युरेक करायला घेतला, शुक्रवार होता म्हणून.

ब्युरेकची ताटली घेऊन ती गेली तेव्हा डॅरिल खड्ड्यापाशी फावड्याने बुरशी उपसत होता. तिने ताटली टायरवर ठेवली.

"डॅरिल, पक्ष्यांना मारू नकोस. ते मी केलं."

तो समजला नाही. तिने सगळं सांगितलं, बादली, रस, विरजण, पिंपाचा श्वास, काहीच वगळलं नाही. डॅरिलने फावडं भिंतीला टेकवलं. ट्रॅक्टरच्या पलीकडे गेला, परत आला. कान नेहमीपेक्षा लाल झाले होते.

"महिनाभर?" त्याने विचारलं.

"महिनाभर."

"तेता, मी फक्त डबा वाजवायला सांगितलं होतं."

"हो."

"हे सगळे टायर तुम्ही एकट्याने उचलले?"

"ढकलले."

त्याने सडलेल्या ढिगाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा ढिगाकडे. तो चिडला होता, आणि ते त्याने लपवलं नाही. म्हणाला, एवढा मुरघास गेला, आता सप्टेंबरपर्यंत टाकीला काय घालू ते सांगा. ही काही कोबी नाही. कोबीवर मिठाचं पाणी असतं, ते राखतं. इथे राखायला मीठ नाही, काही नाही. नुसतं दाबून ठेवणं आणि हात न लावणं, एवढंच काम. झेनेपने सगळं मान खाली घालून ऐकलं. गोड बोलला नाही याचं तिला मनातून इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

तेव्हा कुठे डॅरिलचं लक्ष कोटाकडे गेलं. "हा हमितचा ना? घरात थंडी आहे?"

तिने ताटली त्याच्यापुढे सरकवली. पण डॅरिल ताटलीतला एक तुकडा उचलून, तो खात खात, थेट पाट ओलांडून तिच्या परसात गेला. चावी बघितली. ती दोन्ही हातांनी उघडली आणि तिथेच उकिडवा बसून राहिला, नळ गरम होईपर्यंत.

"हमितची मिरची जगली आणि तुम्ही गारठून गेलात तर ती पिंपात कोण घालणार?" तो म्हणाला. "मी? मला तर झाकण उघडायचंही माहीत नाही." आणि मग, बऱ्याच वेळाने, तो हसला. खूप हसला. काकाकुव्यांना घातलेल्या शिव्या आठवून तर त्याला ठसकाच लागला.

मात्र टाकीचं पोट हसून भरत नव्हतं. झेनेपने फोन हातात घेतला, आणि ती फोन हातात घेते तेव्हा शेपार्टनमधल्या कुणाचीही सुटका नसते. काय काय चालेल ते डॅरिलकडून विचारून घेतलं होतं. खारवलेलं काही नको, बाकी जे सडू शकतं ते सगळं. मशिदीतल्या बायकांनी परसात पडलेले भोपळे आणले. भाच्याच्या बेकरीतून शिळ्या पावांची पोती आली. शीतगृहातून सुरकुतलेली सफरचंदं आली, चीज करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने पनीरचं पाणी पिंपं भरभरून दिलं. फुटबॉल क्लबातून सामन्यानंतर उरलेले खिम्याचे पॅटिस आले, ते टाकीत जाण्याआधी डॅरिलने एकेक चाखून तपासले, असं ब्रॉनविन म्हणते. सानिये स्वतःच्या कोबीचं पिंप घेऊन आली तर झेनेपने तिला दारातूनच परत पाठवलं. "खारट चालत नाही," ती म्हणाली, "आणि तुझी तर टाकीलाही पचायची नाही."

डॅरिल जपून, रोज थोडं थोडं करत टाकीला भरवत गेला, आजारातून उठलेल्या माणसाला पेज पाजावी तसा. फुगा पुन्हा वर आला. गारठ्यात काही रोपं मान टाकून गेली, ती झेनेपने स्वतःच्या हाताने काढली आणि त्यांच्यासाठी रडली. उरलेली ऑक्टोबरात जमिनीत लागली.

फेब्रुवारीत मिरच्या आल्या. लांब, सरळ, हमितच्या. सगळ्यांत सरळ मिरचीचं बी बरणीत गेलं, बाकीच्या एप्रिलात निळ्या पिंपात. त्याच आठवड्यात खड्डाही झाकला. सगळा रस्ता टायर फेकायला आला, सगळ्यांना बादलीची गोष्ट ठाऊक होती आणि एकानेही तिची चेष्टा करायची संधी सोडली नाही. झेनेप सगळ्यांना ब्युरेक वाढत हसत राहिली. पण मागच्या कोपऱ्याकडे काही ती फिरकली नाही.

चार दिवसांनी दारावर थाप पडली. डॅरिल होता, बाहेर गाडीत ब्रॉनविन बसली होती, मागे सामान. नात वर्षाची होणार होती, ते पुन्हा क्वीन्सलंडला निघाले होते. या वेळी राखणीला कुणीतरी दुसरं सांगितलं असेल असं तिने धरूनच ठेवलं होतं, आणि ते बरोबरच आहे असं स्वतःला समजावलंही होतं.

"तेता," डॅरिल म्हणाला, "खड्ड्याकडे नजर ठेवाल ना?"

तिने पदरासारखा एप्रनचा काठ हातात घट्ट धरला. "मी?"

"मग कोण? त्या कोपऱ्याची खबर तुमच्याइतकी कुणाला आहे?"

"नुसती बघेन," ती म्हणाली. "हात लावणार नाही."

"मला माहीत आहे," डॅरिल म्हणाला आणि गाडीकडे गेला. काही सांगायचं राहिलं म्हणून परत वळला नाही, बजावलंही नाही.

ती खिडकीत खुर्ची टाकून बसली. मांडीवर डबा, हातात चमचा. काकाकुवे आले की दणादण वाजवायची, मग पुन्हा सगळं शांत. पलीकडे मागच्या कोपऱ्यातून रस झिरपत होता, नालीने टाकीकडेच चालला होता, हे आता तिला माहीत होतं. तरी तिचे हात शिवशिवत. चौथ्या दिवशी स्वतःच्या पिंपाचं पाणी फिरवून झालं, हातात रिकामी बादली होती आणि पाय सवयीने दारापर्यंत गेलेही. तिथे ती थांबली. बादली पालथी घातली आणि परत खुर्चीत येऊन बसली.

आयुष्यात तिने पुष्कळ कष्ट केले होते, पण त्या खुर्चीत बसण्याइतके जड कष्ट कधी केले नव्हते. पाठीशी लोखंडी पाट्या गरम होत्या. देवा, मला पुन्हा विचारलं त्याने, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि मांडीवरच्या डब्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.